पाय फुटेपर्यंत

देवराम बांधावर उकिडवा बसून पाण्यात बोट बुडवत होता. काल बोटाची दोन पेरं बुडत होती, आज दीड. मागे भाड्याने चिखलणी करून देणारा रघु टिलरला टेकून बिडी ओढत उभा होता. त्याची बिडी संपत आली तरी देवरामचं मोजणं संपत नव्हतं.

"देवरामदा, घालू का नको?" रघु म्हणाला. "मना अजून दोन गावां करायचीत. आज नाय झाला तर मंग आठ दिवसांनी."

"नको."

"मंग बोलावलास कसाला?"

"मी नाय बोलावलं. पोरानी बोलावलं."

रघुने बिडीचं थोटुक चिखलात दाबलं, टिलर चालू केला आणि धुराचा एक लोट देवरामच्या तोंडावर सोडून तो निघून गेला. शहाडकडून उल्हास नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याची बडबड ऐकू येत होती. देवरामने पुन्हा बोट बुडवलं. मोजून पाणी वाढणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

या घराची एक रीत होती. खालच्या खाचरात बेडकं अंडी घालतात; त्यांच्या पोरांना पाय फुटून ती बांधावर चढेपर्यंत त्यात नांगर घालायचा नाही. वरची तीन खाचरं आधी लावायची, खालचं शेवटी. ही रीत कुणी घातली ते देवरामला माहीत नव्हतं, त्याच्या बापालाही माहीत नव्हतं. पाऊस वेळेवर पडत होता तोवर तिचं कुणाला ओझंही नव्हतं, कारण वरची लावणी होईतो खालच्यातली पोरं आपापल्या वाटेने निघून गेलेली असायची.

यंदा रोहिणीच्या शेवटाला पावसाने चार दिवस झोडपलं. बेडकं बाहेर आली, ओरडली, अंडी घालून मोकळी झाली. देवरामनेही त्याच ओलीवर राबात, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, भात पेरलं. मग पाऊस जो गेला तो गेलाच. मृग सगळा कोरडा. आर्द्रा लागली, पंचांगात तिचं वाहन बेडूक लिहिलेलं होतं, आणि आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. वरच्या तिन्ही खाचरांना भेगा पडल्या. पाणी उरलं ते फक्त खालच्या खाचरात, तेही मधोमध, गुंठाभर जागेत. राबातलं आवण, लावणीची रोपं, वीतभराहून वर गेलं होतं. म्हणजे लावायला एकच खाचर, आणि नेमका त्यालाच हात लावायचा नाही असं.

संध्याकाळी देवरामचा मुलगा मयूर वागळे इस्टेटमधून आला. तिथे एका वर्कशॉपात तो लेथवर होता. बूट न काढता ओट्यावर बसला आणि म्हणाला, "रघुला परत पाठवलंत?"

"हाव."

"मी किती फोन केले त्याला, माहितीय? त्याची डेट मिळत नाही बाबा. आवण म्हातारं झालं की फुटवे येत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"मीच शिकवलं."

"मग? बेडकांसाठी आपण उपाशी राहायचं?"

"उपाशी कोन रव्हतंय? तुजा पगार हाय." देवराम तंबाखू मळत म्हणाला. "पाठचं पाय फुटलंत त्यांना. पुढचं यायचंत. आठ दिवस."

"आणि आठ दिवसांत पाणी आटलं तर?"

देवरामने तंबाखू तोंडात टाकली. त्याची आई शकू आतून पातेलं आपटत म्हणाली, "आधी बूट कार. मंग बापाला शानपना शिकव."

मयूरला हे सगळं खुळेपणाचं वाटे. पण देवराम एकदा शहाण्यासारखा वागला होता. चार वर्षांपूर्वी मयूरच्या बहिणीच्या लग्नाची गडबड होती, ट्रॅक्टर दारात आलेला होता, आणि त्याने खालच्या खाचरात सगळ्यांच्या आधी चिखलणी करून घेतली. पात्यांना काळा लगदा चिकटला होता. तो त्याने स्वतः काठीने खरवडून काढला, आणि काढताना आपण काय काढतोय हे त्याला दिसत होतं. त्या सालापासून भाताला कीड लागायला लागली आणि बेडकांचा आवाज दर वर्षी निम्म्यावर यायला लागला. पिवळेधमक नर पूर्वी मोजता येत नसत. यंदा देवरामने मोजले. चार. बेडकांचं हे शेवटचं खाचर आहे, इथली पोरं गेली की पुढे कुणी ओरडायला येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील म्हणून तो नुसता "नको" म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून देवराम आणि शकू विहिरीचं पाणी वाहायला लागले. रस्त्याच्या कामात मोटारीची केबल तुटली होती आणि ती जोडायला येणारा माणूस रोज उद्या येत होता. विहिरीपासून खाचर दोनशे पावलांवर. शकूच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी. देवरामच्या दोन्ही हातांत बादल्या. सकाळी पंधरा खेपा, ऊन कलल्यावर पंधरा. पाचव्या खेपेला शकूच्या मानेची शीर ताठायची, दहाव्या खेपेला देवरामचा डावा गुडघा कुरकुरायचा. इतकं पाणी ओतून खाचरात फरक एवढाच पडे, की काल होतं तेवढं आज राही.

पाणी कमी झालं तसे बगळे आले. ते बांधावर ओळीने बसायचे आणि पाहुण्यांसारखे सावकाश जेवायचे. देवराम थाळी वाजवत त्यांच्या मागे धावे. बगळे उडून टॉवरच्या कुंपणावर बसत, आणि हा बादल्या भरायला वळला की परत येत.

टॉवर शेजारीच होता, बावीस मजल्यांचा. त्याच्या कुंपणाच्या भिंतीने वरून येणारा ओहोळ अडवला होता, म्हणून पावसाखेरीज खाचरात पाणी येत नव्हतं. तिथला सेक्रेटरी मितेश एक दिवस नाकाला रुमाल लावून बांधावर आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पायांतल्या पांढऱ्या बुटांकडे बघूनच देवरामचं डोकं फिरलं.

"काका, सोसायटीत तीन डेंग्यूच्या केसेस झाल्यात. हे पाणी साचवून ठेवलंय तुम्ही. थोडं ऑइल टाकू का आम्ही? आमच्या खर्चाने."

"तेल टाकशील तर तुला पन त्यान टाकीन."

"अहो, रागवता कशाला? आणि त्या बेडकांचं पण बघा ना जरा. त्या दिवशी पाऊस पडला तेव्हा काय ओरडत होते! माझ्या मिसेसला मायग्रेन आहे."

"शेट, ही पोरं मच्छरांचीच पोरं खातान," शकू हंडा उतरवत म्हणाली. "तुमच्या गच्चीवरच्या कुंड्या बघा आधी."

मितेश हसला, फोनवर खाचराचे दोन फोटो काढले आणि गेला.

त्यानंतर शिवानी आली. ही कोपर गावची, कॉलेजात बेडकांवर अभ्यास करणारी. मोठी टोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि हातात फॉर्म. तिने देवरामला बेडकाचं इंग्रजी नाव सांगितलं, मग त्याहून लांब दुसरं एक नाव सांगितलं आणि फॉर्मवर सही मागितली.

"काका, तुमची ही प्रॅक्टिस खूप महत्त्वाची आहे. पाऊस असा बेभरवशाचा झालाय ना, त्यात अशा जागाच त्यांना वाचवणारेत. पाण्याची पातळी मात्र टिकवून ठेवायला हवी."

"मंग त्या कोपऱ्यान कलशी हाय बघ," देवराम म्हणाला.

बिचारीने चार खेपा खरंच केल्या. पाचव्या खेपेला चिखलात बसली. मग तिने जाळीने अकरा बेडूकमासे पकडले, निळ्या टबात खाचराचंच पाणी घेऊन त्यात सोडले आणि टब देवरामच्या अंगणातल्या जांभळीखाली ठेवला. रोज किती पाय फुटले ते मोजून तिला कळवायचं होतं.

"अकरा कमी झाली," देवराम कुरकुरला.

"सॅम्पल आहे काका. आणि एक लक्षात ठेवा, नळाचं पाणी कधी थेट टाकू नका हं. त्यात क्लोरीन असतं. एक दिवस उन्हात ठेवून मग."

"आमच्याकरं नल हाय कुठं?" शकू म्हणाली. "हीर हाय."

विषय तिथेच संपला. नळाचं पाणी टाकायची वेळच येणार नव्हती, तेव्हा ते मयूरला सांगायचं कशाला? दोघांच्याही मनात आलं नाही.

टबातल्या पोरांना शकू उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालायची. तरी दोन दिवसांत अकराची नऊ झाली. दोघांना बाकीच्यांनी खाल्लं होतं.

"यांना वाचवून माजी मान मोडली," शकू टबाकडे बघत म्हणाली, "न ही एकमेकांना खातान. बरी हायेत. मानसांसारखीच हायेत."

शनिवारी मयूर कामावरून लवकर आला, तो तोंड पाडूनच. ओट्यावर बसला. शकूने पाणी दिलं तर म्हणाला, "आई, तू उद्यापासून पाणी वाहायचं नाहीस."

"कसाला?"

त्याने फोन पुढे केला. टॉवरमधल्या कुणीतरी वरून शूटिंग घेतलं होतं. शकू डोक्यावर हंडा घेऊन चालतेय, चिखलात पाय रुततोय, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, आणि ती पाण्यात पाणी ओततेय. खाली कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'मावशी स्विमिंग पूल भरतायत.' ते फिरत फिरत मयूरच्या वर्कशॉपात पोचलं होतं. तिथल्या पोरांना ती त्याची आई आहे हे माहीत नव्हतं. मयूरनेही सांगितलं नव्हतं. तो सगळ्यांबरोबर हसला होता, आणि ते त्याला जास्त टोचत होतं.

शकूने शूटिंग दोनदा बघितलं. "लुगरं फाटकं दिसतंय," एवढंच म्हणाली आणि म्हशीची धार काढायला गेली. म्हशीशी मात्र ती बराच वेळ काहीतरी बोलत होती.

रविवारी देवराम एका नातेवाइकाच्या दहाव्याला टिटवाळ्याच्या बाजूला गेला. शकू भेंडी आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन शहाड स्टेशनाबाहेर बसायला गेली. दोघं चारच्या सुमाराला परत आले, तेव्हा खाचर भरलेलं होतं.

नुसतं ओलं नाही, भरलेलं. गुंठाभर डबक्याचं चांगलं तीन गुंठे पाणी झालं होतं आणि त्यात टॉवर उलटा दिसत होता. बांधावर मयूर उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगभर चिखल. लहानपणी पहिला खेकडा पकडून आणला होता तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता.

"दोन टँकर," तो म्हणाला. "मितेश शेटला जाऊन धरलं. म्हटलं, तुमच्या लोकांनी माझ्या आईचं शूटिंग काढलं, आता पाणी द्या. लाजला तो. सोसायटीच्या टाक्या आजच साफ केल्यात, ते सगळं पाणी दिलं त्याने. वर सॉरी पण बोलला."

देवरामने बोट बुडवलं. अख्खं बोट बुडालं आणि वर तळवा भिजला. महिनाभरात पहिल्यांदाच त्याची छाती हलकी झाली. त्याने मयूरच्या पाठीवर हात ठेवला. हा माणूस असं कधी करत नसे, त्यामुळे मयूरला काय करावं कळेना. तो नुसताच खाली बघत राहिला.

"बेस केलंस पोरा," देवराम म्हणाला. "आता आठ दिवस बघायला नको."

शकू मात्र नाक वर करून उभी होती.

"दवाखान्यासारखा कसला वास येतंय?"

"टाकी धुतली ना आई. पावडर टाकलेली. मितेश बोलला, डबल डोस टाकलाय, एकदम शुद्ध पाणी आहे."

देवरामचा हात मयूरच्या पाठीवरून खाली आला.

पोरं वर यायला लागली होती. एकेक तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होती आणि उलटी होत होती. आधी कडेची, मग मधली. देवराम तसाच धोतरासकट पाण्यात उतरला. "बांध फोर!" तो ओरडला. "मयूर, बांध फोर! शके, पाटी आन!"

मयूरने फावड्याने बांध फोडला. पाणी धडाधड गटाराकडे निघालं, आणि पाण्याबरोबर पोरंही निघाली. शकूने फुटलेल्या बांधाच्या तोंडाशी पाटी धरली. ती भरली की विहिरीच्या पाण्याच्या बादलीत उपडी करायची, परत धरायची. मयूर विहिरीवरून धावत हंडे आणत होता. एका खेपेला पाय घसरून पडला, हंडा चेपला, कोपर फुटलं. बादलीतली पोरंसुद्धा पांढरी पोटं वर करून तरंगायला लागली. बहुतेकांना मागचे पाय होते. काहींना पुढचे फुटत आले होते, कातडीखाली कोपराचं टोक दिसत होतं.

दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. बगळे आले, एकाने एक उचलून टाकून दिलं, आणि तेही गेले.

"मला काय माहीत, बाबा," मयूर म्हणाला. "शुद्ध पाणी होतं ते. आपण पितो तसलं."

देवरामला त्याला मारायचं होतं. हात उचलला गेलाही होता. पण पोराच्या कोपरातून रक्त गळत होतं आणि चेपलेला हंडा त्याने अजून छातीशी धरला होता. देवरामने तो हंडा ओढून घेतला आणि बांधावर आपटला. मग आणखी एकदा आपटला.

"त्या पोरीनी सांगलं होतं," शकू खाली बसत म्हणाली. "नलाचं पानी टाकू नका. तुमच्यासमोर सांगलं. तुमी नाय बोल्लाव त्याला, मी नाय बोल्ले." आणि ती रडायला लागली. हंडे वाहून, शूटिंग बघून जी रडली नव्हती ती आता हमसून हमसून रडत होती, आणि रडता रडता नवऱ्याला, पोराला, मितेशला, पावसाला सगळ्यांना शिव्या घालत होती.

मंगळवारी पाऊस आला. सकाळी दहाला भरून आलं आणि दुपारपर्यंत वरची तिन्ही खाचरं तुडुंब झाली. दोन दिवस. फक्त दोन दिवस कुणी काही केलं नसतं, तर काही बिघडलं नसतं. देवराम ओट्यावर बसून त्या पावसाकडे असा बघत होता, जणू पाऊस म्हणजे उशिरा आलेला जावई, आणि त्याला रागावताही येत नाही.

रघु टिलर घेऊन आला. वरच्या तिन्ही खाचरांत चिखलणी झाली. आवण थोडं पिवळं पडलं होतं, तरी लावण्याजोगं होतं. शकू, देवराम आणि रजा टाकलेला मयूर तिघांनी वाकून तीन दिवसांत लावणी उरकली. मग रघुने खालच्या खाचराकडे टिलर वळवला.

"आता तं काय अरचन नाय ना?" तो म्हणाला.

देवराम काही बोलायच्या आत मयूर मध्ये जाऊन उभा राहिला.

"नाही. त्यात नको."

"आता कोनासाठी रं?"

"नऊ आहेत," मयूर म्हणाला. "टबात."

रघुने देवरामकडे बघितलं, देवरामने आभाळाकडे. मग रघुने कपाळावर हात मारला आणि सगळ्या घरालाच वेड लागलंय असं म्हणत टिलर फिरवला.

फोडलेला बांध मयूरने लिंपला. पावसाचं पाणी चार दिवस खाचरातून वाहू देऊन मगच तोंड बंद केलं. शिवानीला आता तो स्वतः रोज फोन करायचा आणि ती कंटाळेल इतके प्रश्न विचारायचा. टबावर जाळी घातली, जाळीवर दगड ठेवले, मांजराला दोन लाथा बसल्या. नवाची आठ झाली. शकू म्हणाली, "खा गो खा, शेवटी येकच उर."

आषाढातल्या एका सकाळी आठच्या आठही टबाच्या काठावर चढून बसली होती. अंगठ्याच्या नखाएवढी. चारही पाय आणि शेपटीचं बारीक टोक उरलेलं. देवराम आणि मयूरने टब दोन बाजूंनी धरून खालच्या खाचरापाशी नेला आणि बांधावर तिरका केला. एकेक उडी मारून सात जण गवतात गेले. शेवटच्याने जाताना देवरामच्या पायावर बसून घेतलं, बराच वेळ, आणि देवरामने पाय हलवला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मयूरने ते बघितलं नाही असं दाखवलं.

कुंपणापलीकडून छत्री घेऊन मितेश हात हलवत आला.

"काका! थँक यू हां. इतका पाऊस पडला, पण यंदा बेडकांचा आवाज अजिबात नाही. मिसेस एकदम खूश आहे. ते आमचं पाणी कामाला आलं ना?"

मयूरने रिकामा टब जोरात खाली ठेवला. देवरामने पायावरचं पिल्लू उडी मारून गवतात जाईपर्यंत वाट पाहिली, मग मान वर केली.

"दोन वरसां थांबा, शेट," तो म्हणाला. "ही मोठी होऊ द्या. मंग झोपून दाखवा."